खरूज, नायटा आणि बधिर डाग

ताप आला तर घरांतील वडील माणसें थर्मामीटर शोधतात, पोट दुखूं लागलें तर ओंवा पुढें येतो, खोकला आठवडाभर टिकला कीं डॉक्टरांचें नांव निघतें. परंतु अंगाला खाज सुटली तर मात्र ती कोणास सांगावी, या विचारांतच पंधरा दिवस जातात. कातडीचा रोग जिवावरचा नव्हे, अशी एक समजूत. आणि तो अस्वच्छ माणसांनाच होतो, अशी दुसरी. पहिलीमुळें आपण हयगय करतों व दुसरीमुळें लपवालपवी करतों. या दोन समजुतींच्या पोटीं जें नुकसान होतें, तें मूळ रोगापेक्षां पुष्कळदां मोठें असतें. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर. पण एका सतरंजीवर दाटीनें बसलेलीं मुलें वर्षानुवर्षें पाहिल्यामुळें एका मुलाची खाज सगळ्या वर्गाची कशी होते, हें मला चांगलें ठाऊक आहे. औषधोपचाराविषयीं पुढें जें सांगितलें आहे, तें आज वैद्यकांत सर्वमान्य झालेलें तेवढेंच आहे.

आमचें हिर्डोशी भोर तालुक्यांत, भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, नीरेच्या खोऱ्यांत वसलें आहे. या मुलखाला हिरडस मावळ म्हणतात. येथला पाऊस म्हणजे नुसती सर नव्हे. आषाढ-श्रावणांत आठ-आठ दिवस कपडा वाळत नाहीं. भातलावणीच्या दिवसांत बायामाणसांचे हातपाय सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलांत असतात. मग बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलूं लागते, भेगा पडतात, आग होते. यासच आपण चिखल्या म्हणतों. शहरांतील वाचकांनीं हें खेड्याचें दुखणें म्हणून सोडून देऊं नये. दिवसभर ओले मोजे व बंद बूट वापरणाराला, किंवा धुण्या-भांड्यांत सतत हात असणाऱ्या गृहिणीला हेंच होतें.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. कातडीचा वरचा पापुद्रा कौलांसारखा एकावर एक रचलेला असतो. तो कोरडा आहे तोंवर बाहेरचें जंतु आंत शिरत नाहींत. सतत भिजला कीं कौलें सैल होतात व बुरशीला आणि इतर जंतूंना वाट मिळते. आमच्याकडे चिखल्यांवर हिरडा उगाळून लावण्याची जुनी चाल आहे, व ती निरर्थक नाहीं. हिरड्यांत कातडें आवळून घट्ट करणारें तुरट द्रव्य पुष्कळ असतें. चामडें कमावण्यासहि हिरडा वापरीत, तो याच गुणामुळें. पण हिरड्यापेक्षांहि मोठें औषध म्हणजे कोरडें फडकें. घरीं आल्यावर पाय स्वच्छ धुऊन प्रत्येक बेचकें निराळें पुसावें व थोडा वेळ उघड्यावर ठेवावें. एवढ्यानें न भागल्यास डॉक्टर बुरशीनाशक मलम देतात. मात्र पाय सुजून लाली वर चढूं लागली व थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. मधुमेही माणसानें तर क्षणाचाहि विलंब करूं नये.

वाग्भटानें रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तीन साधनांनीं करावी असें सांगितलें आहे. त्वचेच्या बाबतींत आपण सारा भर दर्शनावर देतों. “हें काय उठलें आहे पाहा,” असें म्हणून हात पुढें करतों, आणि हल्लीं तर मोबाइलवर छायाचित्र पाठवून मोकळे होतों. परंतु अनुभवी डॉक्टर केवळ पाहून थांबत नाहींत. खेड्यांत असोत वा शहरांत, ते तीन गोष्टी अवश्य विचारतात: घरांत आणखी कोणाला खाज आहे काय? आजवर यावर काय लावलें? आणि डागाला स्पर्श कळतो काय? या तीन प्रश्नांत सामान्य त्वचारोगांचा निम्मा निवाडा होतो.

पहिल्या प्रश्नानें खरूज सांपडते. संस्कृत ग्रंथांत जिला पामा म्हटलें आहे, ती बहुधा हीच. अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान असा एक कीटक कातडींत बोगदा करून राहतो व तेथेंच अंडीं घालतो. इ. स. १६८७ मध्यें बोनोमो या इटालियन वैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं हा कीटक पाहून त्याचें चित्र प्रसिद्ध केलें. डोळ्यांना नीट न दिसणारा जीव मनुष्याच्या रोगाचें कारण असतो, हें दाखविणाऱ्या अगदीं पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीचा भाग, कंबर या ठिकाणीं बारीक पुरळ, आणि अंथरुणावर पाठ टेकली कीं वाढणारी खाज, हीं खरजेचीं लक्षणें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत मेलॅन्बी नांवाच्या शास्त्रज्ञानें स्वयंसेवकांवर प्रयोग केले, तेव्हां असें दिसून आलें कीं, सबंध अंग खाजविणाऱ्या प्रौढ रोग्याच्या अंगावर सरासरीनें अवघे दहा-अकराच कीटक असतात. आणि रोग पसरतो तो मुख्यतः घोंगड्या-पांघरुणांतून नव्हे, तर अंगाला अंग लागून.

आतां एकत्र कुटुंबाला महत्त्वाची गोष्ट ही कीं, पहिल्यानेंच खरूज झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे खाज सुटतच नाहीं. तोंवर तो निरोगी म्हणून घरभर वावरतो, नातवंडांना कुशींत घेऊन निजतो. गौरी-गणपतीला पुण्या-मुंबईची मंडळी गांवीं येतात, माजघरांत एका ओळीनें अंथरुणें पडतात, मुलें एकमेकांच्या पांघरुणांत शिरतात. आणि नवरात्राच्या सुमारास चार बिऱ्हाडांत चार निरनिराळे डॉक्टर एकाच रोगावर औषध देत असतात. एकास बरें वाटतें तों दुसऱ्याकडून तो पुन्हां परत येतो. म्हणून खरजेचें औषध रोग्याला नव्हे, घराला द्यावयाचें असतें. ज्यांना खाज आहे व ज्यांना नाहीं, अशा सर्वांनीं एकाच रात्रीं तें लावलें पाहिजे.

हल्लीं बहुधा पर्मेथ्रिनचें ५ टक्क्यांचें मलम देतात. तें मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडा, बेचक्या, बेंबी, कांहींहि न वगळतां रात्रीं लावून सकाळीं धुवावयाचें, आणि आठवड्यानें पुन्हां एकदां तसेंच करावयाचें. केवळ पुरळावर टिपके देऊन उपयोग नाहीं. तान्ह्या मुलांना डोक्याला व चेहऱ्यालाहि, डोळे व तोंड संभाळून, डॉक्टरांच्या सल्ल्यानें लावावें लागतें. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याहि देतात. पण गरोदर स्त्रियांना व पंधरा किलोहून कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहींत. आपल्या पूर्वजांचें गंधकाचें मलमहि अजून बाद झालेलें नाहीं; तान्ह्यांसाठीं व गर्भिणींसाठीं तें आजहि सुचविलें जातें. अंगावरचे व अंथरुणावरचे कपडे कढत पाण्यांत धुवावे, किंवा धुतां न येणारे तीन-चार दिवस पिशवींत बांधून ठेवावे. मनुष्यदेहावांचून हा कीटक त्याहून अधिक जगत नाहीं. एक सूचना मात्र लक्षांत ठेवावी. कीटक मेल्यावरहि दोन-चार आठवडे थोडी खाज राहते. ती पाहून रोज रोज मलम चोपडल्यानें कातडी उगाच भाजते.

दुसरा प्रश्न, “आजवर काय लावलें?” हा आजच्या काळांतील सर्वांत निकडीचा होय, आणि तो नायट्याशीं निगडित आहे. नायटा अथवा गजकर्ण म्हणजे संस्कृतांतील दद्रु. चरकानें त्याला क्षुद्रकुष्ठांत घातलें, तर सुश्रुतानें महाकुष्ठांत. नायटा क्षुद्र कीं महान्, या वादांत आजची परिस्थिति पाहतां सुश्रुताच्या बाजूनें कौल द्यावासा वाटतो. आमच्या बांधाबांधांवर पावसाच्या आरंभीं उगवणारा टाकळा हा संस्कृतांत दद्रुघ्न म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची भाजी आपण खातों व बिया वाटून नायट्यावर लावण्याची चालहि जुनी आहे. पण हल्लींचा नायटा टाकळ्याला दाद देईल अशी आशा बाळगण्यांत अर्थ नाहीं, कारण मधल्या काळांत एक नवी गोष्ट घडली आहे.

इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंत हेंच व त्यांचे सहकारी यांनीं कॉर्टिसोनचा गुण संधिवातावर दाखविला, व १९५२ पासून त्याच जातीचीं औषधें मलमाच्या रूपानें कातडीवर वापरूं लागले. यांनाच सामान्यतः स्टेरॉइड म्हणतात. इसबासारख्या ज्या विकारांत जंतु नसून कातडीचाच दाह असतो, तेथें हें औषध अमृतासमान आहे. योग्य प्रमाणांत व ठरलेल्या मुदतींत वापरल्यास त्याला भिण्याचें कारण नाहीं. परंतु नायटा ही बुरशी आहे. शरीर तिच्याशीं लढतें म्हणून लाली व खाज दिसते. स्टेरॉइड ही लढाई थांबवितें. पहारेकरी झोंपले कीं आरडाओरड थांबते. चोर मात्र घरांतच असतो आणि आतां त्याला कोणी अडवीत नाहीं. दोन दिवसांत खाज जाते, मलम थांबवितांच दुपटीनें परत येते. वर्तुळाची ओळखीची कड पुसट होऊन नायटा नायट्यासारखा दिसेनासा होतो. इ. स. १९६८ मध्यें दोन इंग्रज डॉक्टरांनीं या प्रकाराचें वर्णन करून त्याला ‘वेष पालटलेला नायटा’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. पांडव अज्ञातवासांत विराटाच्या घरीं राहिले, तसा हा रोग आपल्या अंगावर राहतो. भेद इतकाच कीं पांडवांनीं विराटाचें गोधन राखलें, हा घरधन्यालाच पोखरतो.

माझ्या पाहण्यांतील एका घरची हकीकत सांगतों. सुनेला कमरेशीं, परकराची नाडी बांधतात तेथें, गजकर्ण उठलें. जागा अवघड, म्हणून तिनें सासूला सांगितलें नाहीं. दिरानें दुकानांतून एक ट्यूब आणून दिली. तींत स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक अशा तिन्ही औषधांची खिचडी होती. तीन दिवसांत आराम पडला व ट्यूबची कीर्ति घरभर झाली. सासऱ्यांनीं ती जांघेंत लावली, दिरानें मानेला; आणि सहा महिन्यांच्या तान्ह्याच्या ढुंगणावर पुरळ दिसतांच त्यालाहि ती फांसण्यांत आली. पावसाळा संपेतों घरांतील पांच माणसांना नायटा झाला होता. सुनेच्या कमरेवर व मांड्यांवर कातडी विरून जांभळट चिरा पडल्या. त्या आतां कायमच्या. भोरला दाखविल्यावर पुरे तीन महिने औषध चाललें, तेव्हां घर मोकळें झालें. सर्वांत मोठा धोका होता तो तान्ह्याला. लहान मुलाची कातडी पातळ, त्यांत लंगोटाखालीं लावलेलें तीव्र मलम रक्तांत उतरतें व दीर्घकाळ वापरल्यास मुलाची वाढ खुंटवूं शकतें. हें मूल वेळींच सुटलें. पण तें सुटलें याचें श्रेय कोणाच्या शहाणपणाला नसून, ट्यूब संपली व पावसानें दुकानाची वाट बंद होती, या योगायोगाला आहे.

असें घर एकटें नाहीं. देशभर हाच प्रकार इतका वाढला कीं, इ. स. २०१८ मध्यें केंद्र सरकारनें अनेक स्टेरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून होणारी विक्री रोखण्यासाठीं नियम कडक केला. पुढें २०२० मध्यें जपानी संशोधकांनीं भारत व नेपाळ येथील रोग्यांकडून मिळालेल्या बुरशीची एक निराळी जात वर्णिली आणि तिच्या नांवांतच भारताचें नांव गोंविलें: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन हें एरव्हींचें भरवशाचें औषध या जातीवर पुष्कळदां चालत नाहीं. ती आतां युरोप-अमेरिकेंतहि पोंचली आहे. आपल्या देशाचें नांव जगभर जावें ही प्रत्येकाची इच्छा असते. पण तें अशा रीतीनें जावें, असें कोणास वाटेल?

मग नायटा झाल्यास करावें काय? पहिली गोष्ट, खात्री. डॉक्टर डागाच्या कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशच्या द्रावाच्या थेंबांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूं शकतात. शंका असेल तेथें ही साधी तपासणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट, चिकाटी. बुरशीनाशक मलम डागाच्या कडेबाहेर दोन बोटें लावावें व डाग दिसेनासा झाल्यावरहि सांगितलेल्या मुदतीपर्यंत, निदान दोन आठवडे, चालू ठेवावें. डाग पुष्कळ असतील तर पोटांत औषध लागतें, तें डॉक्टरांनींच ठरवावें. तिसरी गोष्ट, वस्त्रें. प्रत्येकाचा पंचा निराळा हवा. आंतले कपडे उलटे करून उन्हांत वाळवावे, ऊन नसेल तर इस्तरी फिरवावी. येथें आपल्या घरच्या एका चालीविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. सोवळ्याचा मुकटा किंवा कद आठवडेच्या आठवडे न धुतां खुंटीवरून नेसला जातो, आणि तोच आज मुलगा तर उद्यां पुतण्या नेसतो. ओलेत्यानें पूजा करणारांच्या जांघेंत तर नायट्याला आयतेंच घर मिळतें. सोवळ्याचा हेतु शुचिता हा आहे. मग धुतलेलें, वाळलेलें, ज्याचें त्याचें वस्त्र हेंच खरें सोवळें, असें म्हणण्यांत धर्माला कोणता बाध येतो? सुश्रुतानेंहि संसर्गानें पसरणाऱ्या रोगांचीं कारणें सांगतांना एकत्र शय्या, एकत्र आसन आणि दुसऱ्याचें वस्त्र, माळ व उटणें यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे.

“काय लावलें?” याच प्रश्नांत “कशाचा स्पर्श झाला?” हाहि प्रश्न येतो. बिब्बा उतून कातडी भाजलेली आपण सर्वांनीं पाहिली आहे. कपाळावरील टिकलीच्या डिंकांतील द्रव्यानें कांहीं स्त्रियांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. टिकली बंद केल्यावांचून तेथें कोणतेंहि मलम व्यर्थ. आणि पुणें जिल्ह्याला तर गाजर गवताची ओळख करून द्यावयास नको. इ. स. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यांत या गवताची नोंद झाली, पुढें तें देशभर पसरलें, आणि त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाचीं आरंभीचीं वर्णनें पुण्याच्याच डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलीं. शेतावर वावरणाऱ्या प्रौढ माणसाचा चेहरा, मान, कोपराची लवण हे उघडे भाग वारंवार सुजून खाजूं लागले, तर ‘रक्त बिघडलें’ असें न म्हणतां बांधावरचें गवत पाहावें. तेंहि हातमोजे घालून व फुलोरा येण्यापूर्वीं उपटावें.

आतां तिसरा प्रश्न: डागाला स्पर्श कळतो काय? खाजणारा डाग मनुष्यास स्वस्थ बसूं देत नाहीं, म्हणून आज ना उद्यां तो डॉक्टरांपर्यंत पोंचतो. न खाजणारा, न दुखणारा डाग मात्र वर्षानुवर्षें तसाच राहतो. आणि खरें भय त्याचेंच आहे. अर्थात् प्रत्येक पांढऱ्या डागानें घाबरावें असें नाहीं. मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे डाग बहुधा वाढत्या वयांत आपोआप जातात. छातीपाठीवर उठणारे शिबे हे एक प्रकारच्या बुरशीचे. ते औषधानें बरे होतात. खडूसारखें पांढरें कोड स्पर्शानें पसरत नाहीं व कुष्ठरोगाशीं त्याचा संबंध नाहीं. त्यापायीं मुलींचीं लग्नें मोडणें हें निव्वळ अज्ञान होय. या सर्व डागांत स्पर्शज्ञान शाबूत असतें. पण फिकट वा तांबूस डाग असून तेथें बधिरता असेल, तर तो कुष्ठरोग असूं शकतो. परीक्षा घरींहि होते. डोळे मिटावयास सांगून कापसाच्या वातीचें टोंक डागावर व शेजारच्या निरोगी कातडीवर आळीपाळीनें हलकेंच टेकवावें व कोठें लागलें तें बोटानें दाखवावयास सांगावें. फरक आढळला तर दुसऱ्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें.

तेथें औषध विनामूल्य मिळतें, आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो. इ. स. १९८१-८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेल्या बहुविध औषधोपचारानें ही किमया केली. उपचार सुरू होतांच थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास बाधा होत नाहीं. त्याला घराबाहेर काढण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. उशीर झाला तर मात्र मज्जातंतु मरतात, बोटें वांकडीं होतात, व तें नुकसान औषधानें भरून येत नाहीं. देशांत हा रोग दहा हजारीं एकाहून कमी झाल्याचें २००५ च्या अखेरीस ठरलें. त्यावरून तो संपला असा समज पसरला. पण त्यानंतरहि वर्षाकाठीं लाखाच्या आसपास नवे रोगी भारतांत सांपडत आले आहेत, आणि ते सर्व झोंपडींतलेच असतात असें नाहीं.

आमच्या पिढीनें परचुरे शास्त्र्यांचें नांव ऐकलेलें आहे. ते संस्कृताचे विद्वान्. कुष्ठरोगानें ग्रासल्यावर इ. स. १९३९ मध्यें सेवाग्रामला आले, आणि गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेऊन स्वहस्तें त्यांची शुश्रूषा केली. त्या वेळीं खात्रीचें औषध नव्हतें. होती ती केवळ करुणा. वर्ध्याजवळ दत्तपुरास मनोहरजी दिवाण, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोड्यास बाबा आमटे यांनीं त्याच करुणेवर संस्था उभारल्या. आज औषध हातीं आहे. २०१९ मध्यें कायद्यानेंहि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून काढून टाकलें आहे. उरली आहे ती घरांतली लाज.

आणि ती घरांतल्या वडील माणसांनींच घालवावयाची आहे. सुनेला कमरेचा नायटा सासूजवळ सांगतां आला, नातवाला बेचक्यांतली खाज आजीला दाखवितां आली, आजोबांनीं पाठीवरचा बधिर डाग मुलाजवळ बोलून दाखविला, तर निम्मी चिकित्सा तेथेंच झाली म्हणावयाची. येत्या रविवारीं स्नानापूर्वीं घरांतील मुलांच्या पाठी, बेचक्या व डाग एकवार नीट पाहावे. प्रत्येकाचा पंचा निराळ्या खुंटीवर टांगावा. आणि फडताळांत एखादी अर्धी राहिलेली, कोणी कोणास दिली हेंहि आठवत नसलेली ट्यूब असेल, तर ती पुन्हां कोणाच्याहि अंगाला न लावतां डॉक्टरांना दाखवून तींत काय आहे तें विचारून घ्यावें.